दोन तासांच्या आत : जळगावातील एका धावण्याच्या वर्गाविषयी

पूर्ण मॅरेथॉन दोन तासांच्या आत धावणे हे जगातल्या मोजक्या धावपटूंचे ध्येय आहे, आणि अर्ध-मॅरेथॉन तेवढ्याच वेळात पुरी करणे हे नोकरी सांभाळून पहाटे धावणाऱ्या आमच्यासारख्यांचे. दोन्हींचे गणित एकमेकांशी चांगलेच जुळते. ४२.१९५ किलोमीटर दोन तासांत संपवायचे असतील तर प्रत्येक किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५१ सेकंद मिळतात. अर्ध-मॅरेथॉनला ५ मिनिटे ४१ सेकंद, म्हणजे वेग बरोबर निम्मा. जळगावच्या मेहरूण तलावालगत मी पाच वर्षे धावत आहे आणि अर्ध-मॅरेथॉनची माझी सर्वोत्तम वेळ २ तास १४ मिनिटांवर अडलेली होती. गेल्या ऑक्टोबरात शहरातल्या एका प्रशिक्षण वर्गाने 'बारा आठवड्यांत दोन तासांच्या आत' अशी तुकडी सुरू केली, तेव्हा साडेचार हजार रुपये भरून मी नाव घातले. वर्ग लहान आहे, चालवणारी माणसे मनापासून काम करतात आणि पुढे काही उणिवा स्पष्ट लिहायच्या आहेत, म्हणून वर्गाचे नाव येथे देत नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी आम्हा चोवीस जणांना शूज काढायला लावले, सावलीत बसवले आणि केनियाचा मॅरेथॉन धावपटू एल्यूद किपचोगे याने दोन तासांच्या आत येण्यासाठी केलेल्या दोन प्रयत्नांची माहिती दिली. पहिला प्रयत्न ६ मे २०१७ रोजी इटलीतल्या मोंझा येथील मोटार शर्यतीच्या मार्गावर, पहाटे पावणेसहाला सुरू झाला. २.४ किलोमीटरच्या फेऱ्यांवर किपचोगेने २:००:२५ अशी वेळ दिली. सोबत धावलेले झेरसेनाय तादेसे आणि लेलिसा देसिसा बरेच मागे राहिले. दुसरा प्रयत्न १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नातल्या प्राटर उद्यानाच्या सरळ, सपाट, दुतर्फा झाडी असलेल्या रस्त्यावर झाला आणि तेथे १:५९:४० ही वेळ लागली. तिला अधिकृत विक्रमाचा मान नाही, कारण ती खुली शर्यत नव्हती, वेग राखणारे धावपटू आळीपाळीने मार्गात येत होते आणि पेय सायकलवरून हातात दिले जात होते. एखादा वर्ग आपली सुरुवात अशा तपशिलाने करतो, ही मला मोठी जमेची बाजू वाटली. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी 'जिद्द ठेवा' एवढ्यावर बोळवण होते.

व्हिएन्नाच्या हकिगतीतला सरांनी उचललेला मुद्दा असा की, किपचोगेचा जवळजवळ प्रत्येक किलोमीटर २:४८ ते २:५२ यांच्या दरम्यान पडला. बेचाळीस किलोमीटरमध्ये चार सेकंदांचा फरक! पुढे चालणाऱ्या गाडीतून रस्त्यावर लेझरच्या रेषा पडत होत्या, त्यांच्यामागे पाच धावपटू पुढच्या बाजूला उघडणाऱ्या कोनाच्या आकारात आणि दोघे किपचोगेच्या मागे, अशी रचना होती. या कामासाठी एकूण ४१ धावपटू होते, आणि त्यांत बर्नार्ड लगाट, इंगेब्रिग्त्सेन बंधू यांच्यासारखी स्वतः मोठी नावे असलेली माणसे होती. माझ्या जुन्या धावण्याची नोंद घड्याळातून काढून सरांनी त्याशेजारी ठेवली : पहिले पाच किलोमीटर ५:४० च्या वेगाने, शेवटचे पाच ७:१० च्या. त्या दोन ओळी पाहिल्यावर मला पाच वर्षांत कोणी न सांगितलेली गोष्ट कळली. माझे पाय कमी पडत नव्हते, मी सुरुवातीलाच सगळे खर्च करून बसत होतो.

त्यानंतरचे बारा आठवडे या एका दोषावर काम झाले, आणि या वर्गाचे खरे मोल तेथेच आहे. आठवड्यातून चार दिवस धावणे असे. मंगळवारी मेहरूणच्या काठाने एक-एक किलोमीटरचे सहा टप्पे, प्रत्येक टप्पा ५:३० ते ५:३५ मध्ये, मध्ये दोन मिनिटे चालणे; ठरल्यापेक्षा लवकर पोहोचणाऱ्यालाही तो टप्पा पुन्हा करावा लागे. गुरुवारी आणि शनिवारी बोलता येईल इतक्या संथ वेगाने. रविवारी शिरसोली रस्त्याने लांब पल्ला, बारा किलोमीटरपासून वाढवत एकोणीसपर्यंत. प्रत्येक गटाला एक पेसर, म्हणजे ठरलेला वेग राखत पुढे धावणारा सोबती, दिलेला होता. आमचा पेसर चोपड्याकडचा, पोलीस भरतीची तयारी करणारा एकवीस वर्षांचा मुलगा. सोळाशे मीटर पाच मिनिटांत मारणाऱ्या पोराने आमच्या चालीने पावणेदोन तास धावायचे हे सोपे काम नाही, पण त्याचा किलोमीटर कधी पाच सेकंदांहून अधिक हलला नाही. चौथ्या किलोमीटरला थंडी अंगातून जाते आणि पाय आपोआप सुटतात, त्या वेळी तो मागे न पाहता म्हणे, "काका, धीरे पया," म्हणजे हळू पळा. त्याच्या या तीन शब्दांनीच माझी शुल्काची रक्कम वसूल केली असे मी मानतो.

पेसरमागे धावल्याने वारा कापण्याचे श्रम वाचतात असे वर्गाच्या माहितीपत्रकात लिहिले आहे, ते मात्र आमच्या बाबतीत फार खरे नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. किपचोगेच्या निम्म्या वेगाने धावणाऱ्याला तो साधारण चौथा हिस्साच जाणवतो. आमच्या गटाला पेसरचा उपयोग झाला तो वेग एकसारखा ठेवण्यासाठी आणि सोबतीसाठी, आणि तो उपयोग मोठा आहे.

शूजविषयी माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. तिसऱ्या आठवड्यात सर्वांना कार्बन प्लेटचे, म्हणजे तळव्यात कार्बनची ताठ पट्टी असलेले, शूज घेण्याचा आग्रह झाला आणि ओळखीच्या दुकानातून ते सवलतीत, तरीही सतरा-अठरा हजारांना मिळतील असे सांगण्यात आले. अशा शूजने ऊर्जेची सरासरी चार टक्के बचत होते हा आकडा खरा आहे, पण कोलोराडो विद्यापीठातली ती मोजणी वेगवान धावपटूंवर, ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने केलेली होती. आम्ही ताशी साडेदहाने धावतो, आणि संथ वेगावर केलेल्या मोजणीत हा फायदा बराच कमी भरला आहे. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि प्लेट एकच, असे बंधन घातले, यावरून या शूजचा वरच्या स्तरावरचा परिणाम किती मोठा आहे हे दिसतेच. पण तो परिणाम आपल्यालाही तितकाच मिळेल असे समजून एखाद्या शिक्षकाने किंवा कंडक्टरने महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा त्यात घालावा, हा सल्ला मला पटला नाही. आमच्यातल्या नऊ जणांनी ते घेतले. मी जुन्याच साध्या शूजवर बारा आठवडे काढले. १९७८ साली जालंधरला शिवनाथ सिंह यांनी मॅरेथॉनमध्ये दिलेली २:१२:०० ही वेळ चाळीस वर्षांहून अधिक काळ भारतीय विक्रम म्हणून टिकली, आणि त्या काळात असे शूज जगात कोठेच नव्हते, हे मी सरांना आदराने सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, हेही नोंदवले पाहिजे.

आता व्यवस्थेविषयी. व्हिएन्नाचा दाखला देणाऱ्या वर्गाने व्हिएन्नाकडून नेमकी हीच गोष्ट घेतली नाही. तेथे संयोजकांनी दिवस आणि वेळ हवामान पाहून ठरवली, सकाळी सव्वाआठला दहा अंशांच्या आसपास गारवा असताना धावणे सुरू झाले. खानदेशात, जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेथे तर वेळेची शिस्त हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असायला हवा. शरीर तापले की थंड राहण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, स्नायूंना कमी पडते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत जातात. हे सरांनीच आम्हाला शिकवले होते. असे असूनही जानेवारीतल्या अंतिम चाचणीला सहाची वेळ देऊन, पाहुण्यांची वाट पाहत, सत्कार आणि छायाचित्रे उरकून, आम्हाला सात वीसला सोडण्यात आले. पहाटेचा उत्तम गारवा आम्ही उभ्यानेच घालवला. परतताना शिरसोली रस्त्यावर ऊन अंगावर आले, कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, आणि पंधराव्या किलोमीटरला जेथे पाणी असायला हवे होते तेथे रिकामा जार होता. गटातल्या एक परिचारिका ताई तेथे चक्कर येऊन बसल्या. आमच्या पेसरने स्वतःची बाटली त्यांना दिली आणि त्या सावरेपर्यंत तो थांबला. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण पुढचे सहा किलोमीटर गटाला पेसर नव्हता.

खाण्याचीही तीच गत. धावताना घ्यायच्या एनर्जी जेलचे पाऊच विकत घ्या असे सांगितले गेले, जे पोटाला मानवले नाहीत. मी पाचव्या आठवड्यापासून दहाव्या किलोमीटरला अर्धे केळे आणि लिंबू-मीठ-गुळाचे पाणी यांवर आलो आणि त्यानंतर मला एकदाही त्रास झाला नाही. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात हे वर्गाने स्वतः सुचवायला हरकत नव्हती.

माझी वेळ २:०१:४८ लागली. पहिला निम्मा भाग ६०:२०, दुसरा ६१:२८. दोन तासांच्या आत मी आलो नाही, पण बारा मिनिटे कमी झाली आणि आयुष्यात प्रथमच दोन्ही भाग एकमेकांजवळ आले. २०२३ मध्ये शिकागोत केनियाच्या केल्विन किप्टुमने खुल्या शर्यतीत २:००:३५ ही वेळ दिली, तेव्हा त्याचा पहिला भाग ६०:४८ आणि दुसरा ५९:४७ होता, म्हणजे तो उत्तरार्धात अधिक वेगाने धावला. पुढच्याच फेब्रुवारीत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, केनियात मोटार अपघातात तो गेला. त्याचे ते दोन आकडे मी घरी भिंतीवर लिहून ठेवले आहेत.

वर्ग घ्यावा का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर होय असेच आहे, विशेषतः ज्यांचा वेग सुरुवातीला चढतो आणि शेवटी कोसळतो त्यांनी तो जरूर घ्यावा. फेब्रुवारीची तुकडी मात्र टाळावी, तिचे शेवटचे आठवडे एप्रिलच्या उन्हात जातात. शूजसाठी वेगळे पैसे काढू नयेत. रविवारी स्वतःचे पाणी आणि केळे बरोबर ठेवावे. मी येत्या ऑक्टोबरच्या तुकडीत पुन्हा नाव दिले आहे; अर्जासोबत सरांना पत्रही दिले असून त्यात अंतिम चाचणी सहाला सुरू करावी, सत्कार नंतर ठेवावा आणि पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी एक माणूस उभा करावा एवढेच मागितले आहे. चोपड्याचा तो मुलगा भरतीत लागला तर पेसर बदलेल, आणि तो लागावा अशीच आम्हा सर्वांची इच्छा आहे.