लाइव्ह क्लाससाठी आरटीएमपी, एसआरटी आणि व्हिप : आठ महिन्यांनंतर

आम्ही आठवड्यातून तीन दिवस गणिताचा लाइव्ह क्लास घेतो. मॅडम फळ्यावर प्रश्न टाकायच्या आणि मुलांची उत्तरं चॅटमध्ये पडायला २५-२५ सेकंद लागायचे, तोवर मॅडम पुढच्या पायरीवर पोचलेल्या, मग परत मागे या, शिकवण्याचा सगळा ओघच तुटायचा. म्हणून आरटीएमपी, एसआरटी आणि व्हिप हे तिन्ही प्रोटोकॉल, म्हणजे आपल्याकडचा व्हिडिओ सर्व्हरपर्यंत पाठवायच्या पद्धती, खऱ्या क्लासवर चालवून बघितले.

सुरुवात आरटीएमपीने. मॅक्रोमीडिया फ्लॅशच्या जमान्यातलं आहे, पण ओबीएसमध्ये (लाइव्ह व्हिडिओ पाठवायचं सॉफ्टवेअर) यूआरएल आणि स्ट्रीम की (आपल्या स्ट्रीमचा गुप्त कोड) टाकली की काम सुरू, आणि लाइन चांगली असेल तर त्यात काहीच वाईट नाही, लोक उगाच नावं ठेवतात. फक्त ते टीसीपीवर चालतं, म्हणजे डेटाचा प्रत्येक तुकडा (पॅकेट) क्रमाने पोचलाच पाहिजे, त्यामुळे एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी रांगेत उभी राहतात आणि थोड्या वेळाने ओबीएस फ्रेम ड्रॉप करायला लागतं. आमची लाइन नेमकी संध्याकाळी डगमगते आणि क्लास संध्याकाळीच.

मग एसआरटी लावलं. हे यूडीपीवर चालतं, तिथे हरवलेल्या पॅकेटसाठी रांग थांबत नाही, २०१७ मध्ये हायव्हिजन कंपनीने ओपन सोर्स केलं. यात लेटन्सी (किती उशीर चालेल ते) आपण ठरवायची, हरवलेलं पॅकेट तेवढ्या वेळात परत आलं तर घेतलं, नाहीतर सोडून पुढे. डीफॉल्ट १२० मिलिसेकंद असतं, तेच ठेवलं तर चित्रात चौकोन चौकोन दिसायला लागले. आमच्या सर्व्हरपर्यंतचा आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर परत यायचा वेळ) ९० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि लेटन्सी त्याच्या तीन-चार पट तरी लागते, म्हणून शेवटी ६०० वर थांबलो. इथे एक गोष्ट नीट वाचा, माझे दोन आठवडे यात गेलेत : ओबीएसच्या यूआरएलमध्ये हा आकडा मायक्रोसेकंदात द्यायचा असतो, म्हणजे ६०० मिलिसेकंदासाठी ६००००० लिहायचं. आणि दोन्ही टोकांपैकी ज्याचा आकडा मोठा तोच लागू होतो, त्यामुळे सर्व्हरवर १००० असेल तर तुम्ही इकडे कितीही कमी करा, फरक पडणार नाही. परत मागवलेल्या पॅकेटांसाठी अपलोडमध्ये पाव हिस्सा तरी मोकळा ठेवा.

एवढं करून कॅमेऱ्यासमोर मोबाइलचा स्टॉपवॉच धरला, तो आणि प्लेअरचा स्क्रीन एकाच फोटोत घेतले. फरक २३ सेकंद! म्हणजे उशीर इन्जेस्टमध्ये (आमच्याकडून सर्व्हरपर्यंत) नव्हताच, तो एचएलएसमध्ये (सर्व्हरकडून बघणाऱ्यांपर्यंत व्हिडिओ तुकड्यांनी पाठवायची पद्धत) होता. सेगमेंट, म्हणजे एक तुकडा, ६ सेकंदांचा आणि प्लेअर तीन सेगमेंट साठवूनच सुरू होतो, १८ तर तिथेच गेले. सेगमेंट २ सेकंदांचा केला, कीफ्रेमही (पूर्ण चित्र, जिथून नवा सेगमेंट सुरू होऊ शकतो) दर २ सेकंदांनी, आणि आकडा ८ वर आला. प्रोटोकॉल बदलण्याआधी हे माप घ्याच, मी उलट्या क्रमाने गेलो.

व्हिप म्हणजे वेबआरटीसीने (ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलचं तंत्र) पाठवायची पद्धत, ओबीएसच्या ३० व्या आवृत्तीपासून आहे आणि २०२५ मध्ये तिचं आरएफसीही (इंटरनेटच्या मानकाचा दस्तऐवज) आलं. बघणाराही वेबआरटीसीवर असेल तर उशीर अर्ध्या सेकंदाच्या आसपास, मॅडम आणि मुलं समोरासमोर बोलल्यासारखी बोलतात, पहिल्या दिवशी मला खरंच भरून आलं. पण बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या चित्रांवरून बनणाऱ्या फ्रेम) बंद ठेवाव्या लागतात, ऑडिओ ओपस फॉरमॅटमध्ये येतो म्हणून एचएलएससाठी सर्व्हरवर तो एएसीत बदलावा लागतो, आणि लाइन डगमगली की फळ्यावरची अक्षरं अडकून बसतात. गणितात एक चिन्ह दिसलं नाही तरी सगळं गणित गेलं, त्यामुळे मोठ्या क्लाससाठी मला ते चालत नाही.

सध्या नेहमीचा क्लास एसआरटीवर, शंका विचारायचं छोटं सेशन व्हिपवर. आरटीएमपी काढून टाकलेलं नाही, एकदा बाहेरून क्लास घेताना तिथल्या नेटवर्कवर यूडीपी पूर्ण बंद होतं, एसआरटी नाही आणि व्हिपही नाही, तेव्हा ४४३ पोर्टवरून आरटीएमपीएस (टीसीपीवरचंच, एन्क्रिप्ट केलेलं आरटीएमपी) लावलं आणि क्लास वेळेवर सुरू झाला. ओबीएसमध्ये त्याचं वेगळं प्रोफाइल तयार असतं आता.

मॅडम प्रश्न टाकून मनात दहा मोजतात, तेवढ्यात उत्तरं आलेली असतात. पुढच्या महिन्यात लो लेटन्सी एचएलएस लावून बघणार आहे, ८ चे ४ झाले तर मोजायला पाचच पुरतील.