पिंगयाओचं तिकीट: तटबंदी राहू द्या, आधी पेढी बघा

शिआनहून फास्ट ट्रेनने साधारण तीन तासांत पिंगयाओ, चीनच्या शान्शी प्रांतातलं जुनं तटबंदीचं शहर. आधीच सांगतो, फास्ट ट्रेनच्या स्टेशनच्या नावात 'जुनं शहर' असलं तरी ते जुन्या शहरापासून बरंच लांब आहे, उतरलो की समोर वेस दिसेल असं वाटलं होतं, कसलं काय. पुढे रिक्षासारख्या बॅटरीच्या गाडीवाल्याने भलत्याच वेशीपाशी सोडलं आणि बॅगा ओढत दगडी रस्त्यावरून अर्धा तास पायपीट झाली, ते असो.

तिकिटाचं बोलू. आम्ही गेलो तेव्हा १२५ युआन होतं, तीन दिवस चालतं, वीसेक ठिकाणं त्यात येतात. गल्ल्यांमधून फिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट फक्त तटबंदीवर चढायला आणि वाड्या-म्युझियममध्ये शिरायला लागतं. त्यामुळे नुसते फोटो काढून नूडल्स खाऊन परत जाणारे बरेच दिसतात. तसंच करायचं असेल तर तिकीट घेऊच नका. पण मग रिशेंगचांग बघता येणार नाही, आणि माझ्या मते पिंगयाओला जायचं खरं कारण तेच आहे.

रिशेंगचांग म्हणजे हुंडीची पेढी. चिनी भाषेत प्याओहाओ. पश्चिमेच्या मोठ्या रस्त्यावर आहे, बाहेरून बघाल तर कुठल्याही व्यापाऱ्याचा वाडा वाटेल, एकामागे एक चौक, पुढे गल्ले, मागे मोठ्या मुनिमाची खोली. मूळचं हे रंगाचं दुकान, बीजिंगला शाखा असलेलं. तिकडे धंदा करणाऱ्या गावकऱ्यांना घरी चांदी पाठवायची म्हणजे वाटेत लुटारू, नाहीतर हत्यारबंद पहारा भाड्याने घ्या, तो खर्च वेगळाच. मग ते चांदी बीजिंगच्या दुकानात भरायचे आणि घरचे लोक पिंगयाओत चिठ्ठी, म्हणजेच हुंडी, दाखवून तेवढीच चांदी घ्यायचे. आधी ओळखीपाळखीत चाललं, मग दुकानाचा कारभार बघणाऱ्या लेई ल्यूताईच्या डोक्यात आलं की रंगापेक्षा यातच जास्त कमाई आहे. साधारण १८२३ साली रंग बंद, पेढी सुरू. नंतर चीनमध्ये अशा ५१ पेढ्या झाल्या असं सांगतात, त्यातल्या २२ एकट्या पिंगयाओच्या. एवढंसं गाव हो, तटबंदीचा घेर जेमतेम सहा किलोमीटर!

इथे गाईड घ्याच. पाट्यांवरचं इंग्रजी इतकं थोडकं आहे की त्यातून काही कळत नाही. आम्ही मुक्कामाच्या जागेवरून एक मुलगी ठरवली होती, तिने हुंडीच्या काचेसमोरच पाऊण तास घेतला आणि एक मिनिट वाया गेलं नाही. हुंडीवर तारीख आणि रक्कम उघड लिहायचीच नाही. बारा महिन्यांसाठी बारा अक्षरं, दिवसांसाठी तीस वेगळी, आकड्यांसाठी आणखी वेगळी. महिन्यांची ती बारा अक्षरं ओळीने वाचली की वाक्य होतं, 'खोट्या हुंडीपासून सावध, लिखाण आणि शिक्के नीट बघायला विसरू नका'. म्हणजे पासवर्ड म्हणून पासवर्डची सूचनाच वापरलीय 😄 हे कोड अधूनमधून बदलायचे, कागदात वॉटरमार्क असायचा, आणि हुंडी लिहिणाऱ्या कारकुनाचं अक्षर सगळ्या शाखांना ओळखीचं असायचं.

मला मात्र जास्त आवडला तो नोकरांचा हिशोब. मालक पैसे लावणार पण रोजच्या कारभारात बोट घालणार नाही, तो सगळा मोठ्या मुनिमाचा. पोऱ्या म्हणून लागलेला माणूस वर्षानुवर्षं टिकला तर त्याच्या नावावर 'अंगाचा हिस्सा' लागायचा, एक पैसा न घालता नफ्यात वाटा, आणि तोटा झाला तर तो मालकाच्या घरादारावर. मोठा मुनीम वारला तरी काही वर्षं त्याच्या घरच्यांना वाटा मिळायचा. त्याबदल्यात लांबच्या शाखेवर बायकापोरांना न्यायचं नाही, तीन-तीन वर्षं. खोलीतल्या विटांच्या गरम पलंगाखाली तळघर आहे, चांदी तिथे, म्हणजे माणूस रात्री तिजोरीवरच झोपणार. त्या खोलीत उभं राहिल्यावर हिश्श्याचं कौतुक थोडं कमी झालं खरं.

पेढीच्या शेवटाचा भाग तिथल्या म्युझियममध्ये फार घाईत उरकलाय, दोन पाट्या आणि झालं. सरकारी पैसा नव्या बँकांकडे वळला, बीजिंगच्या शाखेतली काही मंडळी सांगत होती की आपणही बँक होऊ, पिंगयाओतले बडे मुनीम ऐकेनात, वर १९११ ची क्रांती. १९१४ ला रिशेंगचांग बुडाली. पैसा गेला म्हणून नवं बांधायला कुणाकडे काही उरलं नाही आणि गाव जसंच्या तसं राहिलं. १९८० च्या सुमारास रस्ते रुंद करायला पाडापाडी सुरूही झाली होती, ती शांघायच्या तोंगजी विद्यापीठातल्या रुआन यीसान या प्राध्यापकांनी धावपळ करून थांबवली. १९९७ ला युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. एवढी भारी गोष्ट कोपऱ्यात टाकलीय, याचा अर्धा स्टार कापतो.

बाकी तटबंदी छान आहे, १३७० ची, ७२ बुरूज आणि ३००० कंगोरे, कन्फ्यूशियसचे ७२ पट्टशिष्य आणि ३००० विद्यार्थी म्हणून. सकाळी लवकर चढा, दुपारी सावली नाही. दक्षिणेचा मोठा रस्ता संध्याकाळी नुसती जत्रा, सगळीकडे तेच कंगवे, तेच व्हिनेगर, तीच पॅकबंद बीफची पाकिटं आणि ढोल बडवणारी दुकानं. त्या गर्दीत 'जुनी चांदी' म्हणून जे विकतात ते घेऊ नका, मी घेतली, दोन दिवसांत पिवळी पडली. खायला ओटच्या पिठाच्या नळ्यांचं काओलाओलाओ मागवा, मधमाशीच्या पोळ्यासारखं वाफवून येतं, सोबत शान्शीचं काळं व्हिनेगर, ते थोडंच घाला.

पेढीला पाच पैकी साडेचार, अख्ख्या तिकिटाला साडेतीन. पेढी सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, दहानंतर झेंडेवाले ग्रुप आले की हुंडीच्या काचेपर्यंत पोचताच येत नाही.