लॉनमधले व्हॉल्व्ह बॉक्स: बिल खडीचं, खड्ड्यात नुसती माती

पुण्यातल्या एका सोसायटीच्या लॉनवर स्प्रिंकलरसाठी 12 व्हॉल्व्ह बॉक्स, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह ठेवायचे जमिनीत पुरलेले डबे, बसवले गेले. बिलात खडी, विटा, वॉटरप्रूफ कनेक्टर सगळं लावलेलं. पावसाळा संपेपर्यंत निम्मे झोन (एका व्हॉल्व्हवर चालणारे स्प्रिंकलरचे गट) बंद पडले, तेव्हा त्याच ठेकेदाराने ‘सोलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल) जळलेत’ म्हणून नव्या व्हॉल्व्हचं कोटेशन पुढे केलं. एक बॉक्स उकरल्यावर खरा प्रकार कळला. तळाला खडीचा दाणा नाही, बॉक्सची कड थेट पीव्हीसी पाइपवर टेकलेली आणि वायरचे जोड साध्या काळ्या टेपचे. व्हॉल्व्ह मात्र ठणठणीत होते.

हे काम मातीखाली जातं, वर फक्त हिरवं झाकण दिसतं. म्हणून खड्डा उघडा असतानाच तपासायला हवं.

14 बाय 19 इंचांच्या आयताकृती बॉक्ससाठी साधारण 24 बाय 30 इंचांचा खड्डा लागतो. पाणी मुरावं म्हणून तळाला किमान चार इंच 20 एमएमची खडी हवी आणि खडीत माती शिरू नये म्हणून खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड. चार कोपऱ्यांत चार विटा, त्यांवर बॉक्स. विटा वगळल्या की झाकणावर पडणारं सगळं वजन पाइपवर येतं. काळ्या मातीत तर जास्तच जपावं लागतं, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर बॉक्सही हलतो. पाइप बॉक्सच्या खाचेतून मोकळा गेला पाहिजे. व्हॉल्व्हच्या खाली दोन-तीन इंच जागा हवी आणि युनियन, म्हणजे फिरवून सोडवता येणारा पाइपचा जोड हवा, नाहीतर पुढे दुरुस्तीला पाइप कापावा लागतो.

बॉक्सची कड मातीपेक्षा सुमारे एक इंच वर ठेवायची, म्हणजे लॉनचं कार्पेट (तयार गवताचे पट्टे) अंथरल्यावर झाकण समपातळीत येतं. खाली राहिलं तर चिखल आत जातो, वर राहिलं तर मोवरचं पातं लागतं.

आता वाचवलं किती ते पाहा. एका खड्ड्याला खडी लागते पावणेदोन घनफुटांच्या आत, म्हणजे 12 बॉक्सना सुमारे 20 घनफूट, ब्रासचा (100 घनफुटांचा) पाचवा भाग. विटा 48. एवढ्यासाठी अख्खी यंत्रणा पाण्यात बुडवली, याची चीड येते.

‘सोलेनॉइड जळला’ हे वाक्य मल्टिमीटर लावल्याशिवाय मान्य करू नका. कंट्रोलरवरून, म्हणजे व्हॉल्व्ह चालू-बंद करणाऱ्या टायमरवरून, त्या झोनची वायर आणि सगळ्या व्हॉल्व्हना सामाईक असलेली कॉमन वायर सोडवून ओहम मोजा. 24 व्होल्ट एसीच्या चांगल्या कॉइलचं रीडिंग बहुधा 20 ते 60 येतं. कंट्रोलरपाशी काहीच येत नाही, पण बॉक्समध्ये जोड सोडवून थेट कॉइलच्या वायरींवर बरोबर येतं, तर दोष जोडाचा किंवा वायरचा आहे. व्हॉल्व्ह बदलायची गरजच नाही. जेल भरलेले कनेक्टर लावायचे आणि वायरची फूटभर गुंडाळी बॉक्समध्ये सोडायची.

कामाच्या अटींत प्रत्येक खड्ड्याचे तीन फोटो मागा: खडीवर मोजायची टेप धरलेला, विटांवर बॉक्स ठेवलेला, जोड दिसणारा. फोटो नाहीत तर त्या बॉक्सचे पैसे थांबवा. शेवटचा हप्ता एका पावसाळ्यानंतर द्यायचा, हेही आधीच लिहून घ्या.

काम होऊन गेलं असेल तर झाकण उघडून लांब स्क्रूड्रायव्हर तळात हाताने दाबा, वायर आणि पाइप सांभाळून. सहज मुठीपर्यंत गेला तर खाली माती आहे. असा बॉक्स उचलून पाच इंच चिखल काढा, खडी-विटा भरा आणि जोड नव्याने करूनच परत बसवा.