'तत्रैव'साठी झोटेरो : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा खर्डा मार्गदर्शक मॅडमकडून तपासून परत आला, तेव्हा सत्तेचाळिसाव्या तळटीपेभोवती तांबड्या शाईने गोल केलेला होता आणि शेजारी एवढेच लिहिले होते : "हे 'प्रभाकर'मध्ये कुठे आहे?" तळटीप होती 'तत्रैव, पृ. १२', म्हणजे लगेच आधीच्या तळटीपेतलेच साधन, पान १२. मी ती लिहिली तेव्हा तिच्या आधीची तळटीप 'ज्ञानोदय'च्या एका अंकाची होती. पुढे दुरुस्ती करताना मी मध्ये 'प्रभाकर'चा एक संदर्भ घातला, संगणकाने तळटीपांचे क्रमांक आपोआप पुढे सरकवले, आणि 'तत्रैव' जागेवरच राहून भलत्याच पत्राचा हवाला देऊ लागले. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेल्या 'ज्ञानोदय'मधले विधान भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'च्या नावावर जमा झाले. एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांवरच्या प्रबंधात असा संदर्भ म्हणजे खोटा पुरावाच. त्या रात्री मी हाताने टंकलेली सगळी अडतीस 'तत्रैव' मूळ टिपणांशी ताडून पाहिली, त्यांतली पाच चुकलेली निघाली.

संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर घ्यायचे (पुढे ते झोटेरो ठरले), हा निर्णय त्या पाच चुकांनी केला, आणि निवडीची माझी मुख्य अटही त्यांनीच ठरवली. पुस्तकांची नोंद ठेवणे, पीडीएफ जोडणे, शेवटी सूची काढून देणे हे सगळीच सॉफ्टवेअरे करतात. मला 'तत्रैव' बिनचूक हवे होते, आणि तेही मराठीत. दुसरी अट खर्चाची आणि मालकीची होती. पूर्वी एका सशुल्क सॉफ्टवेअरमध्ये मी सहाशेच्या आसपास नोंदी केल्या होत्या. संस्थेने परवान्याचे नूतनीकरण केले नाही आणि त्या नोंदी मला परत उघडता आल्या नाहीत. त्यामुळे एण्डनोट या सशुल्क सॉफ्टवेअरचा विचार मी किंमत पाहूनच सोडला. मेंडेली विनाशुल्क वापरता येते, परंतु २०१३ पासून ते एल्सविअर या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे आहे, आणि दस्तऐवजात संदर्भ घालण्याचे त्याचे आजचे साधन वर्डसाठी आहे, तर मी लिब्रेऑफिस या विनाशुल्क लेखन-सॉफ्टवेअरमध्ये लिहिते. झोटेरो अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रातून २००६ मध्ये बाहेर आले. ते मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो असे) आहे, लिब्रेऑफिसमध्ये चालते, सगळा संग्रह आपल्याच संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये ठेवते आणि हवा तेव्हा तो इतर सॉफ्टवेअरांना वाचता येईल अशा स्वरूपात काढून देते. इतिहासाच्या लोकांनी घडवलेले असल्यामुळे तळटीपांची गरज त्यांना ठाऊक असणार, असे मला वाटले, आणि ते खरे निघाले.

संदर्भ देण्याच्या शिकागो पद्धतीची, 'तत्रैव'च्या जागी लॅटिन 'इबिड.' वापरणारी शैली निवडून मी सर्वप्रथम तिसरे प्रकरणच नव्याने बांधले. 'ज्ञानोदय'चा संदर्भ सलग दोनदा घातला, दुसऱ्या तळटीपेत 'इबिड.' आले. मग दोहोंच्या मध्ये मुद्दाम 'प्रभाकर' घातले. क्षणभर पडदा थबकला आणि खालचे 'इबिड.' जाऊन तिथे 'ज्ञानोदय'चा संक्षिप्त उल्लेख उभा राहिला. 'प्रभाकर' काढून टाकले, 'इबिड.' परत आले. हा प्रयोग मी त्या संध्याकाळी निदान दहा वेळा केला असेल. आधीच्या तळटीपेत दोन ग्रंथ असतील तर पुढच्या तळटीपेत ते 'इबिड.' देतच नाही, कारण दोहोंपैकी कोणता हे वाचकाला कळणार नाही. हा विवेक माझ्या हाताने टंकलेल्या तळटीपांमध्ये नव्हता. मात्र एक पथ्य पाळावे लागते : हाताने टंकलेला संदर्भ सॉफ्टवेअरला दिसत नाही. त्यामुळे काही तळटीपा त्याच्याकडून आणि काही आपल्या हाताने, अशी सरमिसळ झाली की जुनाच धोका परत येतो.

आता उरले ते मराठी, आणि माझा सर्वाधिक वेळ त्यातच गेला. देवनागरी तळटीपेत रोमन लिपीतले 'इबिड.' पाहून मला पहिल्या महिन्यात इतका वैताग आला, की हे सॉफ्टवेअर मराठी संशोधकाच्या कामाचे नाही असे मी दोघा सहाध्यायांना सांगूनही टाकले. ते मत मी आता मागे घेते. झोटेरोतील प्रत्येक शैली ही सीएसएल नावाच्या पद्धतीने लिहिलेली साधी मजकुराची फाइल असते आणि ती कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. तिच्यात 'लोकेल' नावाचा एक भाग घालून ठराविक संज्ञांना आपले शब्द देता येतात. मी 'इबिड.'ला 'तत्रैव' दिले, 'एट अल.'ला 'व इतर', संपादकाला 'संपा.' आणि 'अँड'ला 'व'. पृष्ठाआधी 'पृ.' यावे म्हणून शैलीत आणखी एक ओळ लागली. 'उनि'साठी मात्र तयार संज्ञा सापडली नाही. पूर्वी येऊन गेलेल्या ग्रंथाचा पुन्हा उल्लेख होतो त्या ठिकाणी हा शब्द शैलीत थेट लिहावा लागला.

यात एक चूक मी केली, ती दुसऱ्या कोणी करू नये म्हणून सांगते. शैलीचा मजकूर बदलला, परंतु तिचे नाव आणि आतला ओळखक्रमांक तोच ठेवला. मूळ शैली अद्ययावत झाली, तेव्हा तिने माझी फाइल पुसून जागा घेतली आणि एका सकाळी प्रकरणभर पुन्हा 'इबिड.' दिसू लागले. नाव आणि ओळख दोन्ही बदलून फाइल नव्याने बसवल्यापासून तसे झालेले नाही.

संज्ञा बदलल्यावर आणखी एक प्रश्न उभा राहिला. एका दस्तऐवजाला एकच भाषा मिळते, त्यामुळे इंग्रजी ग्रंथांच्या उल्लेखातही 'संपा.' आणि 'व इतर' येऊ लागले. आधी मला ही उणीव वाटली. मॅडमशी चर्चा केल्यावर माझे मत बदलले. प्रबंध मराठीत आहे, तळटीप हा त्या प्रबंधाच्याच वाक्याचा विस्तार आहे, आणि ग्रंथ कोणत्याही भाषेतला असला तरी त्याच्याविषयी बोलणारी मी मराठीत बोलते आहे. आता मला तीच रीत योग्य वाटते. संदर्भसूचीत देवनागरी आणि रोमन नोंदी वर्णानुक्रमाने आपोआप वेगवेगळ्या गटांत पडतात, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी साधनांची शीर्षके शेवटी हाताने घातली की काम होते.

नोंदी भरण्याचे कष्ट मराठी साधनांना जास्त आहेत, हे मान्य केले पाहिजे. आयएसबीएन हा पुस्तकावरचा क्रमांक टाकून पुस्तकाची माहिती ओढून घेण्याची सोय इंग्रजी पुस्तकांना उत्तम चालते, परंतु मराठी पुस्तकाचे शीर्षक अनेकदा ग्रंथालयीन रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबे घेऊन येते आणि ते पुन्हा देवनागरीत टंकावे लागते. जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये संगणकाला वाचता येईल असा मजकूरच नसतो, तेव्हा त्यांची माहिती स्वतःच भरावी लागते. लेखकाच्या नावाबाबत सुरुवातीलाच एक धोरण ठरवावे. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये आलेली पत्रे मी काही ठिकाणी 'लोकहितवादी' आणि काही ठिकाणी 'देशमुख, गोपाळ हरी' अशी नोंदवली होती, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी माणसे झाली. टोपणनावे आणि 'महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ' यांसारख्या संस्थांची नावे एकाच रकान्यात भरण्याची सोय आहे, ती वापरावी. अंकावर शके १७७० छापलेले असेल तर मी तारखेच्या रकान्यात इसवी सन आणि 'एक्स्ट्रा' रकान्यात शके लिहून ठेवते, कारण १८४८ की १८४९ हे महिना पाहिल्याशिवाय ठरत नाही.

खर्चाविषयी माझे मत दोनदा बदलले. झोटेरोच्या सर्व्हरवर ३०० एमबी जागा विनाशुल्क मिळते. माझ्या कॅमेऱ्यातल्या एका पानाचे छायाचित्र सुमारे चार एमबीचे, म्हणजे पंचाहत्तर पानांत ती जागा संपली. त्यापुढे २ जीबीसाठी वर्षाला २० डॉलर पडतात आणि शिष्यवृत्ती वेळेवर न येणाऱ्या विद्यार्थ्याला ते जड जातात. म्हणून मी नोंदी तेवढ्या सर्व्हरवर ठेवल्या आणि छायाचित्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून फक्त जोडून दिली. हे काटकसरीचे धोरण सात महिने उत्तम चालले. मग हार्ड डिस्कचा जोड तुटून ती चार दिवस उघडेना आणि त्या चार दिवसांत मला एकही अंक पाहता आला नाही. छायाचित्रे वाचली, परंतु मी त्याच आठवड्यात २० डॉलर भरले आणि पानांची छायाचित्रे लहान करून त्या जागेत बसवली.

सर्वांत मोठा अपघात शेवटी झाला. मांडणीसाठी मी सगळा प्रबंध एका डीटीपी करणाऱ्यांकडे दिला. त्यांनी नेहमीच्या सवयीने युनिकोड मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये रूपांतरित केला. फाइल परत उघडली तेव्हा चारशेबारा संदर्भांमागची जोडणी तुटली होती, 'तत्रैव' पुन्हा नुसता टंकलेला शब्द झाला होता आणि 'र्' असलेली जोडाक्षरे कित्येक ठिकाणी फुटली होती. माझ्याजवळ अकरा दिवसांपूर्वीची प्रत होती, म्हणून नुकसान अकरा दिवसांच्या दुरुस्त्यांपुरतेच राहिले. त्या दादांना दोष देणे बरोबर नव्हते, कारण संदर्भ जिवंत असतात हे मीच त्यांना सांगितले नव्हते. मी त्यांचे ठरलेले पैसे दिले आणि समास, प्रकरणांची शीर्षके, पृष्ठक्रमांक लिब्रेऑफिसमध्ये स्वतः लावले. आता कोणालाही फाइल द्यायची असेल तर आधी तिची प्रत काढते, प्रतीतले संदर्भ 'अनलिंक सायटेशन्स' दाबून साधा मजकूर करते आणि मूळ फाइल घराबाहेर जाऊ देत नाही.

सत्तेचाळिसावी तळटीप आता त्रेपन्नावी झाली आहे आणि तिथे 'ज्ञानोदय'चा संक्षिप्त उल्लेख आहे. तिच्या खालच्या चोपन्नाव्या तळटीपेत 'तत्रैव, पृ. १४' आहे. मॅडमनी मागच्या सोमवारी तो अंक मागवून घेतला, चौदावे पान काढले आणि तळटीपेशेजारी पेन्सिलीने बरोबरची खूण केली.