कोहिबा की पाद्रोन? मुंबईत राहून निवडायची तर

चांगली सिगार म्हटली की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते क्यूबाच्या कोहिबाचं. परदेशाहून येणारा मित्र फोनवर विचारतो, "काय आणू रे?" आणि आपण तेच नाव सांगून मोकळे होतो. मीही सात-आठ वर्षं तेच सांगत होतो. आज माझ्या डब्यात निकाराग्वाची पाद्रोन असते, तीही बहुतेक वेळा १९६४ ॲनिव्हर्सरी मालिकेतली. हा बदल कसा झाला ते सांगतो, निवड तुमची तुम्ही करा. कापायची कशी, पेटवायची कशी हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. जो अजून तंबाखूच्या वाटेला गेलेला नाही, त्याने हे वाचून जाऊ नये, हेही मनापासून सांगतो. मी स्वतः महिन्याला दोनच्या वर जात नाही.

आधी आमच्या साडूंची बाजू मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. साडू मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते, आता निवृत्त होऊन ठाण्याला असतात. ते कोहिबाशिवाय दुसरीला हात लावत नाहीत. त्यांच्याबरोबर माहीमच्या आमच्या गॅलरीत बसून ओढलेली सिग्लो २, म्हणजे कोहिबाचीच एक लहान सिगार, मला अजून आठवते. एप्रिलचा शेवट होता. पेटवल्यावर दोन-तीन झुरक्यांत जो वास आला, तो मला एकदम ओळखीचा वाटला. हापूसची पेटी उघडल्यावर आंब्याच्या आधी पेंढ्याचा वास येतो ना, तसा. सुका, उबदार, किंचित गोडसर. मागून मधाची चव, आणि घशाला कुठेही खरखर नाही. मध्यावर आल्यावर त्यात थोडी कॉफी मिसळली. मी साडूंना म्हटलं, "भाऊ, याला तोड नाही." आजही मी ते वाक्य मागे घेत नाही.

हा मऊपणा उगाच आलेला नाही. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागातली निवडक पानं तिच्यासाठी वापरतात. आतल्या भरणातली सेको (रोपाच्या मधली) आणि लिहेरो (शेंड्याकडची) ही पानं इतर हवानांपेक्षा, म्हणजे क्यूबाच्या इतर सिगारांपेक्षा, एकदा जास्त, म्हणजे तिसऱ्यांदा, लाकडी पिंपांत मुरवतात. जन्मकथाही तशीच दमदार. १९६० च्या दशकात फिडेल कॅस्ट्रोंच्या अंगरक्षकाकडे एदुआर्दो रिवेरा नावाच्या कारागिराने वळलेली सिगार होती. ती कॅस्ट्रोंना आवडली आणि १९६६ मध्ये त्यातूनच कोहिबा उभी राहिली. हवानातल्या एल लगितो या जुन्या हवेलीत ती वळली जाऊ लागली. सुरुवातीला ती दुकानात मिळतच नव्हती. क्यूबा सरकार ती परदेशी पाहुण्यांना आणि राजदूतांना भेट द्यायचं. बाजारात सर्रास आली ती १९८२ मध्ये.

ही भेटीची गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या मते कोहिबाचं मोठेपण तिथेच आहे आणि आपल्यासारख्या मुंबईकराची अडचणही तिथेच सुरू होते. भेट म्हणून जन्मलेली ही सिगार आपल्याकडे अजूनही भेट म्हणूनच फिरते. कुणाच्या बढतीला, कुणाच्या साठीला, कुणी दुबईहून आलं म्हणून. एक, दोन, फार तर पाच. सीलबंद पेटी आपल्या हातात क्वचित येते, येते ती सुटी सिगार. आणि जिचं नाव एवढं मोठं, तिची नक्कलही तेवढीच होते. हवानांमध्ये सगळ्यात जास्त बनावट माल कोहिबाच्या नावाने खपतो, हे सिगार ओढणाऱ्या कुणालाही विचारा.

माझ्या बाबतीत ते असं घडलं. एका ओळखीच्या माणसाकडून मी कोहिबाच्या दहा रोबस्टोंची, म्हणजे आखूड, जाड सिगारांची, पेटी घेतली. कोण, कुठला, ते इथे सांगण्यात अर्थ नाही, त्याचीही फसवणूकच झाली असावी. पेटीला काचेचं झाकण होतं. दिसायला इतकी देखणी, की मी ती दोन दिवस दिवाणखान्यातच ठेवली. पहिली सिगार पेटवली आणि जिभेवर कडू, जळक्या कागदासारखी चव आली. वाटलं, पावसाळा आहे, ओलावा धरला असेल. दुसरी आठ दिवसांनी ओढली, तीच गत. तिसरी मात्र मी अर्ध्यावर विझवली, स्टीलच्या ताटलीत ठेवली आणि सुरीने उभी चिरली. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये पानं टोकापासून टोकापर्यंत लांब जातात. इथे रॅपर, म्हणजे बाहेरचं पान, उलगडताच ताटलीत चुरा सांडला. तुकडे, देठाच्या काड्या, आणि एक बारीक दोऱ्यासारखं काहीतरी. मग भिंग घेऊन बँड, म्हणजे सिगारवरचा कागदी पट्टा, बघितला. काळ्या भागातल्या पांढऱ्या चौकोनांची वरची रांग कडेला अर्धी कापली गेली होती. काचेच्या झाकणाची पेटी कोहिबाने कधीच काढलेली नाही, हे मला त्यानंतर कळलं.

पैसे गेले, त्याचं दुःख महिन्याभरात ओसरलं. ओसरला नाही तो संशय. त्यानंतर कुणी खरी कोहिबा हातात दिली, तरी माझी नजर आधी बँडकडे जायची. मग रॅपरच्या शिरा बघायच्या, टोकावरच्या पानाच्या टोपीची कड बघायची, राख घट्ट धरते का बघायचं. दीड तासाची निवांत बैठक, आणि त्यातली पहिली वीस मिनिटं पंचनामा करण्यात जायची. चव चांगली लागली तरी मन म्हणायचं, ही खरी असेल का? नसली तर जिभेला काय कळतंय? मला सिगार लागते ती दिवसभराचा कोलाहल बाजूला ठेवायला. तीच शंका घेऊन येणार असेल, तर ती कितीही थोर असो, माझ्या कामाची नाही.

पेटीवर हिरवी वॉरंटी पट्टी असते आणि तिच्यावरचा बारकोड कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो, हे मला मान्य आहे. पण तो पेटीचा पुरावा झाला. मित्राच्या खिशातून आलेल्या एका सिगारला तो कुठून लागू होणार? त्यात आणखी एक घोळ आहे. अमेरिकेहून येणारे भाचे-पुतणे 'कोहिबा' म्हणून जी आणतात, ती बहुतेक वेळा नावातल्या 'ओ'मध्ये लाल ठिपका असलेली असते. ती बनावट मुळीच नाही, पण ती डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये वळलेली, वेगळ्या कंपनीची सिगार आहे. १९६२ पासून अमेरिकेत क्यूबाच्या मालावर बंदी असल्यामुळे एकाच नावाच्या दोन घराण्यांची ही स्थिती झाली. पोरं प्रेमाने आणतात, त्यांना नाही म्हणवत नाही. पण साडूंच्या कोहिबातली चव तिच्यात शोधू नका.

आता पाद्रोन. होसे ऑर्लांदो पाद्रोन हेही मूळचे पिनार देल रिओचेच. क्रांतीनंतर देश सोडून मायामीला आले. एका मित्राने दिलेल्या छोट्या हातोडीवर सुतारकाम करून त्यांनी पैसे साठवले आणि १९६४ मध्ये सिगारचा कारखाना काढला. ती हातोडी आजही त्या घराण्याची खूण आहे. पुढे तंबाखूसाठी ते निकाराग्वातल्या एस्तेलीला गेले. १९७८ च्या धुमश्चक्रीत तिथला कारखाना जळाला, तरी त्यांनी पुन्हा उभा केला. तीस वर्षं झाल्याबद्दल १९९४ मध्ये त्यांनी १९६४ ॲनिव्हर्सरी आणली. चार वर्षं मुरवलेला तंबाखू आणि चौकोनी दाबलेला आकार. बोटांत धरली की गोल सिगारसारखी फिरत नाही, हे मला फार आवडतं.

पण माझं मन जिंकलं ते एका साध्या गोष्टीने. या मालिकेतल्या प्रत्येक सिगारवर दुसरा छोटा बँड असतो आणि त्याच्यावर तिचा स्वतःचा क्रमांक छापलेला असतो. नकली मालाला आळा बसावा म्हणूनच हे केलेलं आहे. क्रमांकही कुणी छापून घेऊ शकेल, हे मी जाणतो. तरी ज्या कारागिराने पेटीचा विचार करून न थांबता माझ्या हातातल्या एका सिगारचा विचार केला, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. मी तो आकडा एकदा वाचतो, बँड काढून बाजूला ठेवतो आणि पुढचा तासभर फक्त ओढतो.

चवीचं म्हणाल, तर ही कोहिबाची बहीण नव्हे. मादुरो, म्हणजे काळसर रॅपरची, घेतलीत तर कोको, कडक काळी कॉफी आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तेलकट खमंगपणा. नॅचरलमध्ये, म्हणजे फिकट रॅपरच्या सिगारमध्ये, तेच थोडं हलकं, भाजलेल्या काजूच्या अंगाने जाणारं. ताकद जास्त आहे. रिकाम्या पोटी ओढू नका, डोकं गरगरतं. साडूंचा आक्षेप असा, की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात बोलते. कोहिबा तीन टप्प्यांत तीन चवी दाखवते, ही दाखवत नाही. ते खोटं नाही. फक्त ते ज्याला एकसुरीपणा म्हणतात, त्याला मी भरवसा म्हणतो. गेल्या चार वर्षांत ओढलेल्या पाद्रोनमध्ये फसलेली अशी मला एकही आठवत नाही. हे मोजमाप नव्हे, माझा अनुभव आहे, आणि तुमची जीभ वेगळी असू शकते.

पैशांचं थोडक्यात सांगतो. २०२२ मध्ये कोहिबाच्या किमती जगभर एका पातळीवर आणल्या गेल्या आणि कितीतरी ठिकाणी त्या दुपटीच्या वर गेल्या. माझ्या अनुभवात एका कोहिबा रोबस्टोच्या पैशांत दोन, कधी तीन पाद्रोन येतात.

मुंबईची हवा दोघींनाही सारखीच छळते. जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. लाकडी ह्युमिडोर, म्हणजे सिगार ठेवायची पेटी, दिसायला छान, पण पावसाळ्यात त्यात बुरशी धरलेली मी पाहिली आहे. मी रबराच्या कडेचा हवाबंद डबा वापरतो, आत आर्द्रता ६५ टक्क्यांवर ठेवणारी पुडी आणि ती मोजणारा एक छोटा मापक. तंबाखूला पडणारा बारीक किडा उकाड्यात अंड्यांतून बाहेर येतो, म्हणून नवीन सिगार आधी घट्ट बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात आणि मगच डब्यात. एवढं केलं की दिवाळीपर्यंत चिंता नाही.

साडूंसारखं तुमचं कुणी हवानात किंवा एखाद्या अधिकृत दुकानात स्वतः जाऊन सीलबंद पेटी आणणारं असेल, तर कोहिबाच घ्या. सिग्लो २ घ्या, मोठ्या आकाराच्या मागे लागू नका. साडूंना शंका शिवत नाही, कारण पेटीचं सील त्यांनी स्वतः फोडलेलं असतं. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही बदललो नसतो. पण तुमच्याकडे येणारी सिगार चार हातांतून सुटी येत असेल, तर पाद्रोनकडे वळा. येणाऱ्या माणसाला सांगताना फक्त 'पाद्रोन' म्हणू नका, नाहीतर तो साधी मालिका घेऊन येईल. '१९६४ ॲनिव्हर्सरी, प्रिन्सिपे' असं लिहून पाठवा. साडेचार इंचांची आहे, पाऊण तासात संपते आणि घरच्यांनाही तेवढी चालते. पहिल्या वेळी नॅचरल मागवा. मादुरो पावसाळ्यासाठी ठेवा, बाहेर सरी कोसळत असताना, रात्रीचं जेवण झाल्यावर.