१७,७०० रुपये देऊन दुकानाचा फोन दुसऱ्याच्या हातात

'सगळीकडे नाव-पत्ता-नंबर एकसारखा करतो, गूगलच्या पहिल्या तिनात आणतो.' हे वाक्य ऐकले की फोन ठेवा. असल्या फोनचे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत, मलाही होते, म्हणूनच लाज जास्त वाटते.

म्हापशात माझे फ्रिज-एसी दुरुस्तीचे दुकान. असाच एका एजंटाचा फोन आला. आधी १४,१६० रुपये गेले: १२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. मग 'व्हेरिफिकेशन फी' ३,५४०. तिथेच ओळखायला हवे होते! गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट असते, व्हेरिफिकेशनसुद्धा. बिल टेबलावरच पडले होते. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो, गोव्यातल्या नोंदणीचा ३० ने सुरू होतो. त्या बिलावर १४ अक्षरे होती. मोजली कोणी? चवथीला आठवडा राहिलेला, दारात उघडे फ्रिज, आणि फोनवर तो एजंट: 'सर, कोड आला का? लवकर सांगा, एक्स्पायर होईल.' सांगितला. दुकानदाराने त्या गडबडीत दुसरे काय केले असते?

गूगलचा तो कोड म्हणजे दुकानाची किल्ली. गूगलवरची नोंद, म्हणजे प्रोफाइल, त्याच्या जीमेलवर बनवलेली, त्यामुळे मुख्य मालक तो. कोणाला काम द्यायचेच असेल तर प्रोफाइल स्वतःच्या खात्यावर उघडा, त्याला फक्त मॅनेजर करा. मॅनेजर मालकाला काढू शकत नाही.

आणि काम तरी काय केले? नावात 'बेस्ट फ्रिज रिपेअर गोवा' घुसडले. पाटीवर नाही ते नावात घालणे गूगलच्या नियमात बसत नाही, प्रोफाइल सस्पेंड झाली. नंबर स्वतःचा फॉरवर्डिंगचा टाकला. पुढचा हप्ता नाकारला तसा तो नंबर बंद. पत्ता एका ऑनलाइन डिरेक्टरीत म्हापशातले खोर्ली, दुसरीत नुसते म्हापसा, तिसरीत इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एस'च्या जागी पोर्तुगीज वळणाचा 'सी'. पिन ४०३५०७ च्या जागी पणजीचा ४०३००१. गिऱ्हाईक बंद नंबर फिरवते आणि पुढच्या दुकानात जाते, आपल्याला कळतही नाही.

पोलीस स्थानकावर तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा 'साहेब नाहीत'. दुसऱ्यांदा 'पैसे तुम्हीच पाठवले, कोड तुम्हीच दिला, हा दिवाणी मामला'. तिसऱ्यांदा एकाने विचारले, 'पण दुकान तर तिथेच आहे ना?' आता काय सांगायचे? बँकेने अर्ज घेतला, पोच मागितली तर 'सिस्टम डाउन'. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी चौथ्या दिवशी केला, तोवर खाते रिकामे.

निस्तरणे स्वतःलाच करावे लागते. नाव, पत्ता, पिन, ०८३२ चा नंबर एकदाच एका फाइलीत लिहा आणि सगळीकडे तिथूनच चिकटवा, हाताने टाइप करू नका. प्रोफाइल दुसऱ्याकडे असेल तर मॅप्सवर मालकीची विनंती करा. समोरच्याला उत्तरासाठी ३ दिवस मिळतात. सस्पेंड झाली असेल तर पाटीचा फोटो आणि ट्रेड लायसन्स जोडून अपील करा, आणि तोवर दुसरी प्रोफाइल उघडू नका, डुप्लिकेट म्हणून तीही अडकते. जुना नंबर अवतरणचिन्हांत घालून सर्च केला की कुठे कुठे चिकटलाय ते दिसते. माझा ११ ठिकाणी सापडला. ८ ठिकाणचा काढला, उरलेल्या तीन साइट ओटीपी त्याच बंद नंबरावर पाठवतात.