रात्रपाळीतला स्क्रीनवरचा डॉक्टर – दीड वर्ष वापरून मग लिहितेय

मी नर्स आहे, खेड्यातल्या वीस बेडच्या हॉस्पिटलात. रात्री एक डॉक्टर आणि आम्ही दोघी, बस. मोठं हॉस्पिटल गाडीने दोन तासांवर, पाऊस असला तर त्याहून जास्त. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे टेलिमेडिसिनची, म्हणजे लांबच्या डॉक्टरांनी स्क्रीनवरून पेशंट बघायची, सर्व्हिस सुरू झाली, इमर्जन्सी आणि मानसिक आरोग्य दोन्ही एकाच पॅकेजमध्ये. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते अशी कुठलीही सर्व्हिस घ्यायच्या विचारात असलेल्यांच्या कामाचं आहे. मार्क आधीच सांगून टाकते, इमर्जन्सीला पाचपैकी पाच, मानसिकला पहिले सहा महिने दोन आणि आता चार. ही तफावत का पडली त्यासाठीच लिहायला बसले.

सामान फार नाही. एक ट्रॉली, तिच्यावर मोठा स्क्रीन, वर कॅमेरा जो तिकडचा डॉक्टर तिकडूनच फिरवतो आणि झूम करतो, मॉनिटरचे आकडे आणि ईसीजी त्यांना दिसतो, आणि कॉलसाठी एकच बटण. हे एकच बटण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण रात्री तीन वाजता हातात ग्लोव्हज असताना पासवर्ड टाका, ओटीपी बघा असलं काही कोणाला जमत नाही. झूम इतका चांगला आहे की डोळ्याची बाहुली लहान-मोठी होताना त्यांना दिसते, फक्त टॉर्च आपण नीट धरायचा.

पहिल्या महिन्यातली केस. एक काका बोलता बोलता अडखळले, उजवा हात लुळा, तोंड वाकडं. घरच्यांनी लगेच आणलं हे नशीब. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीवावर उठतं. आमच्याकडे सीटी स्कॅन आहे, पण रात्री तो वाचणारं कोणी नाही. आमचे डॉक्टर चांगले आहेत पण असं इंजेक्शन एकट्याच्या जबाबदारीवर द्यायला कोणाचाही हात थांबेल, म्हणून आधी काय व्हायचं तर पेशंट सरळ गाडीत घालून पुढे पाठवायचा आणि वेळ रस्त्यातच संपायची. मोठ्या रक्तवाहिनीचा लकवा असेल तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात असा अंदाज आहे. दोन तास म्हणजे किती ते तुम्हीच गुणाकार करून बघा.

त्या रात्री बटण दाबल्यापासून दोन मिनिटांच्या आत न्यूरोलॉजिस्ट स्क्रीनवर होत्या. पहिला प्रश्न नातेवाइकांना, "शेवटचे एकदम ठणठणीत कधी दिसले? घड्याळातली वेळ सांगा." मग मला, "सिस्टर, दोन्ही हात वर धरायला सांगा, दहापर्यंत मोजा, मी बघतेय." हात माझे, डोळे त्यांचे, अशी पूर्ण तपासणी झाली, तोवर सीटी त्यांच्याकडे पोचला, रक्तस्राव नाही म्हणाल्या, डोस आमच्या डॉक्टरांसोबत दोनदा मोजला आणि इंजेक्शन इथेच सुरू करून मग काकांना पुढे पाठवलं. याला ड्रिप अँड शिप म्हणतात हे मला नंतर कळलं. काका आता चालतात, उजव्या हातात थोडा अशक्तपणा आहे. प्रत्येकाचं असं होत नाही हेही लिहिते, उशिरा आलेल्यांना स्क्रीनवरचा डॉक्टर पण इंजेक्शन देऊ शकत नाही.

नातेवाईक विचारतात की टीव्हीवर बघून काय उपचार होणार. त्यांना मी सांगते की हे काल-परवाचं खूळ नाही, ईसीजीचं यंत्र बनवणाऱ्या आइंटहोवेन या डच शास्त्रज्ञाने 1905 सालीच हॉस्पिटलातल्या पेशंटच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीडएक किलोमीटर लांबच्या आपल्या लॅबमध्ये घेतला होता, आणि अमेरिकेत नेब्रास्कातल्या मानसोपचार संस्थेने 1959 मध्येच दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या टीव्हीवर मानसिक रुग्णांवर काम सुरू केलं होतं. हे ऐकलं की लोक जरा निवांत बसतात.

आता मानसिकचं. इथे सर्व्हिसने सुरुवातीला तीच पद्धत लावली जी इमर्जन्सीला लावली, म्हणजे जो डॉक्टर मोकळा असेल तो कॉल घेणार. लकव्याला हे बरोबरच आहे, तिथे कोण आलं याच्याशी काही घेणं नाही, किती लवकर आलं एवढंच बघायचं. पण मनाच्या दुखण्यात हेच उलटं पडतं. एक मुलगी होती, बाळंतपणानंतर झोप नाही, रडू, बाळाला हात लावावासा वाटत नाही. पहिल्या कॉलला एक डॉक्टर, तिने कसंबसं सांगितलं. पंधरा दिवसांनी दुसरे, परत पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी तिसरा चेहरा आला आणि ती खुर्चीतून उठली, मला म्हणाली, "ताई, मी परत पहिल्यापासून नाही सांगणार." गेली ती गेली. आम्ही दोनदा घरी जाऊन समजावलं तेव्हा महिन्याने परत आली, पण तो महिना तिने कसा काढला ते मला माहीत आहे आणि त्याचा राग मला अजून येतो, कारण नोंदी सगळ्या सिस्टीममध्ये होत्या, नवीन डॉक्टरने पाच मिनिटं आधी वाचल्या असत्या तरी चाललं असतं.

आमच्या डॉक्टरांनी भांडून ते बदलून घेतलं. आता गुरुवारी दुपारी एकच मानसोपचारतज्ज्ञ मॅडम, आणि एकच समुपदेशक. फरक इतका पडला की जे लोक दुसऱ्या भेटीनंतर गळायचे ते आता येत राहतात. कॉलच्या आधी मी पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजायची प्रश्नावली भरून घेते, नऊ प्रश्न, शून्य ते 27 मार्क, मागच्या दोन आठवड्यांत कसं वाटलं त्यावर. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. त्याला कोणी "हो" म्हटलं तर गुरुवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बटण दाबायचं, हा नियम आम्हीच केला आणि सर्व्हिसने तो मान्य केला.

जागेचं पण सांगते कारण हे कोणी सांगत नाही. ट्रॉली आधी वॉर्डाच्या कोपऱ्यात पडद्यामागे होती. लहान गावात पडदा म्हणजे काहीच नाही, बाहेर कोणाची गाडी उभी आहे त्यावरून सुद्धा लोक ओळखतात. मग ड्रेसिंग रूमच्या आतली खोली घेतली, म्हणजे आत जाणारा माणूस जखमेसाठी गेला की मनासाठी हे बाहेरून कळत नाही. हेडफोन दिला, म्हणजे डॉक्टरचं बोलणं फक्त त्यालाच ऐकू येतं. त्यानंतर पुरुष यायला लागले. आधी जवळजवळ बायकाच यायच्या.

काही गोष्टी कॅमेऱ्याला नाही कळत. दारूचा वास, टेबलाखाली सतत हलणारा पाय, आत येताना दारातच थबकलेला माणूस. हे मी कॉल सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना दोन ओळींत लिहून पाठवते. अजून एक, डॉक्टर स्क्रीनकडे बघतात तेव्हा इकडून वाटतं ते खाली बघतायत. एका आजोबांना वाटलं आपलं बोलणं ऐकतच नाहीत. आता डॉक्टर पेशंटचा चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी खाली लावून घेतात, बराच फरक पडतो.

ज्या केसमुळे ही दोन्ही खाती मला एकाच दोरीला बांधलेली वाटतात ती सांगते. शेतीचं औषध प्यायलेला एक तरणा मुलगा आला रात्री. आमच्या डॉक्टरांनी अशा केसेस पाहिल्यात, पण इतक्या वाईट अवस्थेतली ही पहिलीच. स्क्रीनवरचे इमर्जन्सीचे डॉक्टर पहाटेपर्यंत आमच्यासोबत होते, अ‍ॅट्रोपिन हे विषावरचं औषध वाढवत न्यायचं, आणि सारखं एकच सांगत होते, "नुसत्या बाहुल्यांवर जाऊ नका, छाती ऐका, घरघर थांबतेय का सांगा." मध्ये विजा सुरू झाल्या आणि व्हिडिओ गेला, मिनिटभरात लँडलाइन वाजली आणि फोनवर काम चालू राहिलं. मुलगा वाचला. पुढे पाठवला नाही, इथेच ठेवला. चौथ्या दिवशी त्याच ट्रॉलीवर गुरुवारच्या मॅडम त्याच्याशी तासभर बोलल्या, आईशी वेगळं बोलल्या, आणि घरातली औषधं कुलपात ठेवायचं ठरवून घेतलं.

त्याचा डिस्चार्ज झाला आणि इथे मात्र सर्व्हिस कमी पडली. घरी गेल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, आणि त्यांच्या यादीत पुढचा कॉल होता तीन आठवड्यांनी. मधले फोन आम्ही नर्सेसनी केले, आपल्या वेळातून. जागतिक आरोग्य संघटनेचा पाच देशांतला एक अभ्यास 2008 मध्ये छापून आलाय, 1867 माणसं, आत्महत्येचा प्रयत्न करून इमर्जन्सीत आलेली. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, बाकीच्यांना त्याशिवाय तासाभराचं बोलणं आणि नंतर 18 महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारात 2.2 टक्के, फोनवाल्यांत 0.2 टक्के. एवढा महागडा कॅमेरा असलेल्या सर्व्हिसला साधा फोन करणं अवघड नसावं. मानसिकचा पाचवा मार्क मी याच्यासाठी राखून ठेवलाय.

तो मुलगा मी फोन केला की पहिल्यांदा नुसतं "हं" म्हणायचा. चौथ्या-पाचव्या फोनला त्याने विचारलं, सिस्टर आज रात्रपाळी आहे का.

पुढच्या वर्षीचा करार आता नव्याने होतोय. आम्ही दोन गोष्टी लिहून मागितल्यात, डिस्चार्जनंतर 48 तासांत पहिला फोन त्यांच्याकडून, आणि गुरुवारच्या मॅडम रजेवर असतील तर जे कोणी येतील त्यांनी फाइल वाचूनच कॉल सुरू करायचा. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच खाली लिहीन.